गुडघ्याच्या एसीएल ऑपरेशनला साडेपाच महिने झाले, भरतीचं रनिंग चालू करू का?

रेडर_सेलू
राम राम मंडळी. मी सेलू तालुक्यातला, वय 22, कबड्डीत रेडर आन् सोबत पोलीस भरतीची तयारी करायलोय. मागं यात्रेतल्या सामन्यात बोनस घेऊन परत फिरताना कॉर्नरनं घोटा धरला, पाय मातीत रुतलेला आन् अंग सगळं मध्यरेषेकडं फिरलं, गुडघ्यात खट्ट करून आवाज आला, तो आवाज धरणाऱ्या पोराला पण ऐकू गेला. दोन तासात गुडघा नारळाएवढा सुजला. घरच्यांनी मालिशवाल्याकडं नेलं, तो म्हणला शीर सरकलीय, त्यात तीन आठवडे गेले. सूज उतरली तसं वाटलं बरं झालं, पण एक दिवस शेतात बांधावरून खाली उतरताना गुडघा आपोआप निसटला आन् मी खालीच बसलो. मग संभाजीनगरला एमआरआय केला तर एसीएल, म्हंजे गुडघा जागेवर धरणारं आतलं लिगामेंट, पूर्ण फाटलेलं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, मांडीच्या मागची नस (म्हंजे स्नायूची दोरी) काढून लिगामेंटच्या जागी बसवलीय, त्यालाच ग्राफ्ट म्हणतेत.

आता साडेपाच महिने झालेत. दुखत काहीच नाही, गाडी चालवतो, जिने चढतो उतरतो. मागच्या आठवड्यात शाळेच्या ग्राउंडवर हळूहळू चार राउंड मारले, पळताना काही वाटलं नाही पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा जड वाटायला लागला आन् वाटीच्या वर थोडी सूज दिसली, दोन दिवसांनी गेली. भरतीची जाहिरात कधीपण येईल, 1600 मीटरला 20 मार्क, 100 मीटरला 15, गोळ्याला 15, पळालंच नाही तर मैदानीचे 50 पैकी काय उरतं सांगा. अकॅडमीतली पोरं म्हणायलीत दुखत नाही म्हंजे बरं झालं, चालू कर. पैलवान विनेश फोगटचं 2023 च्या ऑगस्टमधी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आन् 2024 च्या एप्रिलमधी तिनं ऑलिम्पिकचं तिकीट काढलं, हे पण तेच सांगतेत. फिजिओकडं पहिले दीड महिनाच गेलो, नंतर जाणं येणं परवडंना म्हणून बंद केलं. कोणी यातून गेलेलं असंल तर खरं खरं सांगा.

खोखो_धाराशिव
भाऊ, मी यातून एकदा नाही दोनदा गेलेय म्हणून एवढं लिहितेय, नीट वाच.

मी खो-खो खेळते. पहिल्यांदा उजवा गुडघा गेला तेव्हा तुझ्यासारखंच, ऑपरेशन, ग्राफ्ट, तीन महिन्यांनी चालणं एकदम नॉर्मल, पाचव्या महिन्यात पळायला लागले आणि सहाव्या महिन्यात निवड चाचणी होती म्हणून मैदानात उतरले. सरळ पळताना काहीच झालं नाही. खांबापाशी आले, खांब धरून वळले आणि तोच आवाज परत आला. मला पडायच्या आधीच कळलं होतं काय झालंय ते. आई कडेला उभी होती, ती नुसती रडायला लागली. दुसऱ्यांदा ग्राफ्ट घ्यायला मग दुसऱ्या पायाची नस काढली, म्हणजे चांगला होता तो पाय पण कापला.

तुला एकच सांगते, दुखणं आणि बरं होणं याचा काही संबंध नाही यात. मला सहाव्या महिन्यात कणभर दुखत नव्हतं. दुसऱ्या वेळेला मी 11 महिने थांबले आणि त्यातले शेवटचे चार महिने तर रोज रडकुंडीला येईपर्यंत एका पायाच्या व्यायामाचे केले. जिमची फी परवडत नव्हती तेव्हा घरात मिठाच्या पुड्या सॉक्समध्ये घालून घोट्याला बांधायचे, एक किलोची एक, नंतर दोन, नंतर कणकेच्या पिशव्या. परवडत नाही म्हणून फिजिओ सोडला म्हणतोस ना, तिथंच माझं पण चुकलं होतं. रोज जायची गरज नाही, पंधरा दिवसांतून एकदा जा, व्यायाम लिहून घे आणि घरी कर. पण जा.

तालीम_बीड
विनेशचं उदाहरण देणाऱ्यांना पुढचं पण सांग गड्या. 2016 ला रिओत तिचा गुडघा गेला, स्ट्रेचरवर बाहेर नेलं, आन् एशियन गेम्सचं गोल्ड तिनं 2018 ला घेतलं, तिथं मधी दोन वर्षं गेली हे कोणी सांगत नाही. ऋषभ पंत अपघातानंतर आयपीएलला परत आला तो साधारण 15 महिन्यांनी, आन् त्याच्या दिमतीला बीसीसीआयची अख्खी टीम होती. आपल्याकडं दिमतीला कोण हाय? आमच्या तालमीतल्या एका पोराचं लिगामेंट गेलं होतं, त्यानं ऑपरेशनच केलं नाही, पट्टा बांधून लढत राहिला, दर दोन महिन्याला गुडघा निसटायचा. आता गुडघ्यातली गादी फाटलीय त्याची, पंचविशीत पायरी उतरताना कठडा धरतो. तू ऑपरेशन केलंस ते चांगलं केलंस, आता त्याची माती नको करू.

फिजिओ_नांदेड
मी नांदेडला प्रॅक्टिस करतो, भरतीची अशी पोरं दर हंगामात येतात म्हणून सविस्तर लिहितो. गुडघा हातानं तपासल्याशिवाय पक्कं काही सांगता येणार नाही, हे आधी लक्षात घ्या.

पहिली गोष्ट, आत काय चाललंय ते समजून घ्या. मांडीची नस काढून गुडघ्यात बसवली की ती लगेच लिगामेंट होत नाही. तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, आधी ती कमजोर होते, मग हळूहळू नवीन रक्तवाहिन्या आणि पेशी तिच्यात शिरतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पेशंटला सगळ्यात बरं वाटायला लागतं आणि ग्राफ्ट नेमका तेव्हाच सगळ्यात नाजूक असतो. पूर्ण पिकायला वर्ष-दीड वर्ष लागतं. 2016 साली अमेरिका-नॉर्वेच्या डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला होता, त्यात वळण-उड्यांच्या खेळात परतायला नऊ महिन्यांपर्यंत जेवढा एकेक महिना उशीर केला तेवढा परत इजा होण्याचा धोका दर महिन्याला जवळपास निम्म्यानं कमी झालेला दिसला. त्यामुळं कबड्डी नऊ महिन्यांच्या आत नाहीच, हे डोक्यात पक्कं बसवा.

पण सरळ पळणं वेगळं आणि रेड टाकणं वेगळं. सरळ रेषेत हळू जॉगिंग पुष्कळांना तीन-चार महिन्यांनंतर चालू करता येतं, अट एवढीच की गुडघा त्याला तयार पाहिजे. तुमचा तयार नाही हे त्यानं स्वतःच सांगितलं, दुसऱ्या दिवशीची सूज म्हणजे काल दिलेलं काम जास्त झालं. सूज आहे का नाही हे घरी बघता येतं. पाय सरळ ठेवून बसा, मांडी एकदम ढिली सोडा, वाटीच्या आतल्या बाजूनं खालून वर दोन-तीन वेळा तळहात फिरवून पाणी वर ढकला, मग बाहेरच्या बाजूनं वरून खाली हात ओढा आणि आतल्या खोबणीकडं बघा, तिथं बारीक लाट उठली तर पाणी अजून आहे. लाट असेल त्या दिवशी पळायचं नाही.

दुसरं, पाय पूर्ण सरळ होतो का बघा. बाजेवर पालथं झोपा, गुडघ्यापासून खाली दोन्ही पाय बाजेच्या बाहेर लोंबू द्या आणि कोणाला तरी टाचा बघायला सांगा. ऑपरेशनच्या पायाची टाच वर राहत असेल तर पाय अजून पूर्ण सरळ होत नाही, टाचेत साधारण एक सेंटीमीटरचा फरक म्हणजे एक अंश धरा. हे राहून गेलं तर पळताना माणूस नकळत लंगडतो आणि वाटीचं दुखणं मागं लागतं.

आणि ताकद. वाटीच्या वर 15 सेंटीमीटरवर शिंप्याच्या टेपनं दोन्ही मांड्या मोजा. खुर्चीवरून एका पायावर उठबस करून बघा, खुर्चीचा आधार न घेता, दोन्ही पायांची किती होतात. खेळात परतायला ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के पाहिजे, ताकदीत पण आणि एका पायाच्या लांब उडीत पण, आणि उडीवरून खाली येताना गुडघा आत वळायला नको. इथं एक फसवणूक होते ती सांगतो. सहा महिने बसून चांगला पाय पण वाळलेला असतो, त्यामुळं वाळलेल्या पायाच्या 90 टक्के झाले म्हणून खूष व्हायचं नाही, दोन्ही पायांचा व्यायाम चालू ठेवायचा. तुमचा ग्राफ्ट मांडीच्या मागचा आहे, तेव्हा 100 मीटरचा जोर लावायच्या आधी मागच्या स्नायूची ताकद आलीच पाहिजे, नाहीतर स्प्रिंटला तिथंच चमक भरते. गोळाफेकीत पाय रोवून अंग फिरवायचं असतं, ते सगळ्यात शेवटी.

जाहिरात येईल तेव्हा येईल. एक भरती हुकली तर पुढची येते, पण दुसऱ्यांदा फाटलं तर वरच्या ताईंनी सांगितलंच आहे.

रेडर_सेलू
सर, ताई, पैलवान, तुमचे उपकार कसे फेडू. काल रात्री घरीच सगळं मोजलं, बहिणीनं टेप धरला. उजवी मांडी 49, ऑपरेशनची डावी साडेसेहेचाळीस. खुर्चीवरून उजव्यावर 21 उठबशा झाल्या, डाव्यावर 9 व्याला पाय थरथरायला लागला आन् गुडघा आत जायलाय असं बहीण म्हणली. टाच पण दोन बोटं वर राहते. म्हंजे मी ज्याला बरं झालो म्हणत होतो ते असं हाय. पोरांना सांगितलं, एवढ्यात मी ग्राउंडवर येत नाही. सोमवारी परभणीला फिजिओकडं चाललोय. ताई, मिठाच्या पुड्या किती दिवसांनी वाढवायच्या ते सांगा.

खोखो_धाराशिव
12 च्या तीन फेऱ्या न थरथरता झाल्या आणि दुसऱ्या दिवशी लाट दिसली नाही तर अर्धा किलो वाढव. पण टाच आधी खाली आण, पाठीवर आडवं पडून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा मोकळा सोडून दहा मिनिटं, दिवसातून तीन वेळा. सोमवारी काय सांगितलं ते इथं लिही.