लांडगा उगाच बदनाम झालाय का?

माळावरचा_मी: काल रात्री लांडग्यांवरची एक डॉक्युमेंटरी बघितली, डोक्यातनं जातच नाहीये. आईबाप, गेल्या साली झालेली पोरं, यंदाची पिल्लं, चक्क एकत्र कुटुंब राव! शिकार खाऊन आलेला पोटातलं मटण ओकून पिल्लांना भरवतो. आणि आपण शाळेपासून काय ऐकलं, तर 'लांडगा आला रे आला' आणि लांडगेतोड. वाघासाठी सगळे गळा काढतात, हा देशात तीन हजारांच्या आसपास उरलाय, कुणाला पडलंय?

मेंढक्याचा_नातू: सोफ्यावर बसून छान वाटतं हो. गेल्या आषाढात आमचा मेंढरांचा वाडा इंदापूरकडं होता, वाघर म्हणजे जाळीचं कुंपण लावलेलं, दोन कुत्री राखणीला, तरी पहाटे बघतोय तर चार मेंढ्या गळा फोडून पडलेल्या, खाल्ली एकच. पंचनाम्याला वनखात्याचा माणूस आला तिसऱ्या दिवशी, तोवर वास सुटलेला, वर मलाच विचारतो कुत्र्यानं केलं नाही कशावरून?

माळावरचा_मी: वाईट झालं. पण चार मारल्या ते माजानं नाही, वाघरीत मेंढ्यांना पळताच येत नाही, समोर धडपड चालू असली की तो मारत सुटतो. आणि मोकाट कुत्र्यांचं पाप त्याच्या नावावर जातंच की, पुण्याजवळ तर लांडगा-कुत्रा संकरसुद्धा डीएनए तपासून सिद्ध झालाय.

स्पष्टवक्ती: उत्तर प्रदेशातलं बहराइच विसरलात? २०२४ ला लांडग्यांनी घरात झोपलेली लेकरं उचलून नेली, त्यांना पकडायला 'ऑपरेशन भेडिया' काढावं लागलं. त्या आयांना जाऊन सांगा, गैरसमज आहे म्हणून.

सोलापूरकर: ताई, बहराइच खरंच आहे, कुणी नाकारत नाही. पण तिथल्या लांडग्यांचं बिल इकडच्यांवर का फाडता? आमच्या सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्षी बघायला जायचो तेव्हा धनगराची पोरं आणि लांडगा एकाच माळावर दिसायची. गोची वेगळीच आहे, माळ म्हणजे कागदोपत्री 'पडीक', मग प्लॉटिंग, सोलर, एमआयडीसी काहीही चालतं. चिंकारा, ससे गेले की त्यानं मेंढीवरच यायचं ना?

मेंढक्याचा_नातू: माळाचं पटलं, आमची चराईपण तिथंच मेली. आज्ज्यानं लांडगा मारायला कधी मेंढीच्या मढ्यात विष नाही घातलं, म्हणायचा त्याचा वाटा तो नेणारच. पण आज्ज्याकडं दोनशे मेंढ्या होत्या, माझ्याकडं साठ. भरपाई महिन्याभरात खात्यावर पडू दे, मग विष घालणाऱ्याला मीच आडवा जातो.