आरओचं कार्ट्रिज कंपनीचंच का? चिपवालं मशीन घेऊ नका

शाहूपुरीकर:
आरओ घेताना टाकी किती लिटरची ते लोक बघतात, आत फिल्टर कुठला बसतो ते नाही. मेंब्रेन (क्षार अडवणारी गुंडाळी) १८१२ मापाची, ७५-८० जीपीडीची (दिवसाला इतके गॅलन), स्पन (गाळ अडवणारा फिल्टर) १० इंची, पाइप पाव इंची असेल तर पार्ट कुठंही मिळतो. आता पिळून बसवायची, चिपवाली कार्ट्रिज आली आहेत. काही मॉडेलात चिपमधले दिवस संपले की पाणी चांगलं असलं तरी मशीन बंद. विकत घेतलेलं मशीन कधी थांबवायचं हे कंपनीनं का ठरवावं?

राजारामपुरी ९:
दादा, हे एका बाजूचं झालं. टीडीएस मीटर क्षार दाखवतो. क्लोरीन नाही, जंतू नाहीत. क्लोरीन काढणारा कार्बन फिल्टर संपला तरी आकडा हलत नाही आणि क्लोरीन मेंब्रेन खाऊन टाकतं. वर डुप्लिकेट मेंब्रेनचा सुळसुळाट. लोक तीन-तीन वर्षं फिल्टर बदलत नाहीत, मुदत सक्तीचीच हवी.

शाहूपुरीकर:
कार्बनचं मान्य. मग दिवा लावा, बझर वाजवा, पाणी का अडवता? कार्बननंतरच्या पाण्याच्या नमुन्यात ओटीओचे (क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे) थेंब टाका, पिवळं झालं की कार्बन गेला (ते पाणी ओतून द्या, पिऊ नका). मेंब्रेनला टीडीएस आत ३००, बाहेर ३० म्हणजे ९० टक्के क्षार अडले. बाहेर ६० च्या वर गेलं की बदला. नवी मेंब्रेन टाकल्या टाकल्या आकडा जास्त आला तर मेंब्रेनच्या टोकाच्या दोन छोट्या ओ-रिंग (रबरी कड्या) बघा, त्या फाटल्या की कच्चं पाणी मिसळतं.

बावडेकर:
फ्लो रिस्ट्रिक्टरही (वाया जाणाऱ्या पाण्याची धार आवरणारा भाग) मेंब्रेनच्या जीपीडीला जुळणारा लावा. चुकीचा लागला तर वाया जाणारं पाणी कमी पडतं आणि क्षार मेंब्रेनवरच साचतात. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी गढूळ आलं की स्पन आधी तुंबतो, मेंब्रेनला दोष देऊ नका. पण आधी नळाचं पाणी मोजा की. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्येच टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथं आरओवर बंदी घाला असं सरकारला सांगितलं होतं. टीडीएस तेवढा कमी असेल तर स्पन, कार्बन आणि यूव्ही (जंतू मारणारी ट्यूब) पुरे. बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी.

राजारामपुरी ९:
यूव्हीची ट्यूब पेटलेली दिसते तरी आतून मंद झालेली असते, तिथंही तारीख पाळावीच लागते.

शाहूपुरीकर:
पाळूया की, तारीख ट्यूबवर लिहून ठेवा. ट्यूब आणि चोक मात्र बाजारात सुटे मिळणारेच घ्या.