आमवाताची औषधं चालू असताना बोटॉक्स-फिलर : काय विचारायचं, काय थांबवायचं?

काउंटर_जळगाव

आखाजीच्या पुढेमागे लग्नं लागली की आमच्या स्किन क्लिनिकमध्ये नवरीपेक्षा नवरीच्या आई, मावशी, आत्यांची गर्दी जास्त. वयं ४५ ते ६०. यातल्या काही जणींना आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असतो आणि त्या तो सांगत नाहीत, कारण "चेहऱ्याचा अन् सांध्यांचा काय संबंध?" गोळ्यांची पिशवी मागितली की मग कळतं.

नमुन्याला हे प्रिस्क्रिप्शन धरा. वय ५२. मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ दर रविवारी, फॉलिक अ‍ॅसिड ५ मिग्रॅ दर सोमवारी, एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) २०० रोज, अ‍ॅडॅलिम्युमॅब ४० मिग्रॅ दर १५ दिवसांनी, प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) ५ मिग्रॅ सकाळी, दुखलं तर अ‍ॅसिक्लोफेनॅक. हवंय काय, तर भुवयांमधल्या आठ्या आणि डोळ्यांच्या कडांना बोटॉक्स, नाकापासून ओठांपर्यंतच्या घड्यांत फिलर. लग्न सहा आठवड्यांवर.

कोणी म्हणतं आधी दोन आठवडे मेथोट्रेक्सेट बंद, कोणी म्हणतं काहीच थांबवू नका. पूर्वतपासणीचा फॉर्म नव्याने छापायचा आहे. जाणकारांनी नेमकं सांगावं.

सांधे_धुळे

फॉर्मच्या माथ्यावर ठळक छापा : आमवाताचं कुठलंही औषध क्लिनिकने बंद करायला सांगायचं नाही. सरकवायची ती फिलरची तारीख.

कारण साधं आहे. मेथोट्रेक्सेटच्या दोन-तीन मात्रा चुकल्या की काहींचे सांधे उसळतात. उसळलेला आमवात खाली आणायला प्रेडनिसोलोन वाढवावं लागतं आणि त्या वाढीव स्टेरॉइडने इन्फेक्शनचा धोका मेथोट्रेक्सेटपेक्षा जास्त वाढतो. म्हणजे ज्या भीतीने बंद केलं तीच दारात. गुडघा किंवा खुबा बदलण्याएवढ्या मोठ्या ऑपरेशनलासुद्धा अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या सूचना सांगतात की मेथोट्रेक्सेट, एचसीक्यू, सल्फासॅलाझिन, लेफ्लुनोमाइड चालू ठेवा. मग चेहऱ्याच्या चार टोचण्यांसाठी बंद कशाला करायचं?

त्याच सूचनांत बायोलॉजिकलबद्दल, म्हणजे अ‍ॅडॅलिम्युमॅबसारख्या इंजेक्शनांबद्दल, वेगळं आहे. एक मात्रा संपत येते आणि पुढची द्यायची वेळ होते, तेव्हा ऑपरेशन धरतात. फिलरला एवढ्या काटेकोरपणाची गरज नाही, पण हिशेब तोच लावता येतो. दर १५ दिवसांचं अ‍ॅडॅलिम्युमॅब असेल तर फिलर १३व्या-१४व्या दिवशी ठेवा. दोन दिवसांनी त्वचा स्वच्छ दिसली, लाली नाही, टोचल्या जागी पू नाही, तर ठरल्याप्रमाणे पुढचं इंजेक्शन. एकही मात्रा चुकत नाही. पेशंटच्या सांध्यांच्या डॉक्टरांना फोन करूनच हे ठरवा. खान्देशातल्या बऱ्याच पेशंटचे ते डॉक्टर नाशिक, पुणे किंवा संभाजीनगरला असतात आणि भेट तीन महिन्यांतून एकदा होते, म्हणून फॉर्मवर त्यांच्या फोनचा रकाना हवाच.

आता दुसरा मुद्दा. बोटॉक्स आणि फिलर एकाच रकान्यात लिहू नका, दोघांचा धोका वेगळा आहे.

बोटॉक्स नस स्नायूला मिळते तिथे संदेश अडवतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. मागे काही उरत नाही. मेथोट्रेक्सेट किंवा अ‍ॅडॅलिम्युमॅबशी त्याचं भांडण नाही. इथे विचारायचं ते वेगळंच : संध्याकाळी पापण्या जड होतात का, एकाचे दोन दिसतात का, गिळताना अडकतं का? होकार आला तर मायस्थेनियाची (स्नायू लवकर थकण्याच्या आजाराची) तपासणी होईपर्यंत सुई नाही. आमवाताच्या जुन्या पेशंटला कधीकाळी डी-पेनिसिलामिन दिलेलं असतं आणि त्या औषधाने मायस्थेनिया होऊ शकतो. एचसीक्यूने दबलेला मायस्थेनिया क्वचित उघडा पडतो. सध्या जेंटामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शनं चालू असतील तर बोटॉक्सचा जोर वाढतो, तेव्हा थांबा.

फिलर म्हणजे महिनोन् महिने त्वचेखाली राहणारा परका जेल. रोगप्रतिकारशक्ती आधीच बिघडलेली, वर औषधांनी दाबलेली, म्हणून एकीकडे इन्फेक्शन आणि दुसरीकडे उशिरा येणाऱ्या गाठी, अशी दोन्ही बाजूंनी काळजी. कंपन्यांच्या माहितीपत्रकांतही प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांबाबत सावधगिरीची सूचना असते. माझी अट अशी : आमवात किमान तीन महिने शांत, त्या काळात औषधात बदल नाही, आणि त्या दिवशी दाढ, लघवी, गळू, काहीच चिघळलेलं नाही. मेथोट्रेक्सेटवाल्यांचे रक्ताचे रिपोर्ट दोन-तीन महिन्यांनी होतातच, तोच ताजा कागद मागून पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बघा.

प्रेडनिसोलोनबद्दल एक सांगून ठेवतो. त्याने चेहरा गोल होतो. मात्रा खाली येत असताना भरलेला फिलर चेहरा उतरल्यावर भलत्याच जागी उठून दिसतो. ५ मिग्रॅवर स्थिर असेल तर ठीक, महिन्याभरापूर्वी २० होतं असं कळलं तर थांबायला सांगा.

सुई_भुसावळ

डॉक्टरसाहेबांशी सहमत. मी खुर्चीजवळचं सांगतो.

खुर्ची पूर्ण आडवी करून मान मागे टाकायची नाही. जुन्या आमवातात मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात. पाठ ४५ अंशांच्या आसपास, मानेखाली छोटी उशी. मान वळवताना हाताला मुंग्या येतात असं म्हणाली तर आधी मानेचा एक्स-रे. अशा पेशंटच्या मानेवरच्या पट्ट्यांना बोटॉक्स तर अजिबात नको, गिळण्याचा त्रास त्यातूनच होतो.

डोळ्यांच्या कडांना हात लावण्याआधी डोळे कोरडे पडतात का ते विचारा. आमवाताबरोबर शोग्रेन (डोळे-तोंड कोरडं पडण्याचा आजार) असणाऱ्या बायका कमी नाहीत आणि खान्देशच्या एप्रिल-मेच्या झळांत कोरडेपणा आणखी वाढतो. औषध खालच्या पापणीत पसरलं तर पापणी नीट मिटत नाही आणि डोळा जळजळतो. शंका आली तर शिर्मरची पट्टी (अश्रू मोजायचा कागद) लावा. पाच मिनिटांत ५ मिमीपेक्षा कमी ओली झाली तर कडा सोडून द्या, फक्त आठ्या करा.

मात्रा : मूळ बोटॉक्सची भुवयांमधे २० युनिट, पाच टोचण्यांत. डोळ्यांच्या कडांना दोन्ही बाजू मिळून २४. १०० युनिटच्या कुपीत २.५ मिलि सलाइन घातलं की ०.१ मिलित ४ युनिट येतात. दुसऱ्या ब्रँडचे युनिट हेच धरू नका. डिस्पोर्टची भुवयांमधली मात्रा ५० असते, आकडा अदलाबदल केला तर एक तर काहीच होत नाही नाही तर पापणी पडते.

साठवणीवर जास्त बोलतो, कारण आपल्याकडे चुकतं तिथेच. बोटॉक्सची कुपी २ ते ८ अंशांत, विरघळवल्यावर २४ तासांत संपवायची. फिलरची सिरिंज साधारण २५ अंशांपर्यंत. जळगावात मे महिन्यात ४५ पार होतं, कुरिअरचा डबा दुपारभर दुकानाच्या ओट्यावर राहिला तर आत काय शिल्लक राहणार? फ्रीजमध्ये तापमापक ठेवा, लाइट गेल्याची वेळ वहीत टिपा. कुपी पेशंटसमोर उघडा आणि बॅच नंबरचं स्टिकर तिच्या फाइलला लावा.

फिलर हायलुरोनिक अ‍ॅसिडचाच. बिघडलं तर हायलुरोनिडेजने विरघळवता येतो. कॅल्शियमवाला, पॉलिलॅक्टिकवाला किंवा कायमचा फिलर या पेशंटसाठी नकोच, विरघळत नाही. पहिल्या बैठकीत दोन्ही घड्या मिळून १ मिलि, त्यावर नाही. स्टेरॉइडने त्वचा पातळ झालेली असते, म्हणून टोकदार सुईऐवजी २५ गेजची बोथट कॅन्युला, काळंनिळं कमी पडतं. हायलुरोनिडेज क्लिनिकच्या कपाटात हवं, "गरज पडली तर मेडिकलमधून मागवू" हे चालत नाही. मधमाशी चावून अंगावर गांधी उठतात का, तेही फॉर्ममध्ये घ्या, त्यांना हायलुरोनिडेजची रिअ‍ॅक्शन येऊ शकते.

रक्तवाहिनी बंद पडली की त्वचा लगेच पांढरी फटक, मग निळसर जाळी, आणि बहुतेकदा टोचण्याच्या मानाने फार जास्त दुखतं. सुन्न करायचं औषध जेलमध्येच असलं तर दुखणं दबतं, म्हणून रंगावर नजर ठेवा. बोटाने दाबून सोडा, रंग परत यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर तिथेच थांबा, हायलुरोनिडेज भरा, गरम शेक द्या, बर्फ नाही. नजर धूसर झाली तर त्याच क्षणी डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

सहा आठवडे पुरतात, पण जेमतेम. या आठवड्यात बोटॉक्स. त्याचा परिणाम तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून दिसतो आणि १४व्या दिवशी पूर्ण. त्या दिवशी राहिलेलं सुधारायचं आणि फिलर घालायचा, म्हणजे सूज उतरायला चार आठवडे मिळतात. अ‍ॅडॅलिम्युमॅबची तारीख बघून एक-दोन दिवस मागेपुढे. दात साफ करणं, रूट कॅनल, लस, हे फिलरच्या दोन आठवडे आधी किंवा दोन आठवडे नंतर.

आणि हळद! फिलरनंतर दोन आठवडे चेहरा चोळायचा नाही. करवल्या, काकवा "थोडीशीच लावते" म्हणत गाल रगडतातच. पार्लरचं फेशियलही त्याच नियमात.

औषधवाला_शहादा

गोळ्यांच्या बाजूने काही.

फिलरनंतर लाली आली आणि कोणी कोट्रायमॉक्साझोल लिहिलं तर मेथोट्रेक्सेटवाल्या पेशंटला ते देऊ नका. दोघं मिळून अस्थिमज्जा दाबतात, तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी कोसळतात. क्लॅरिथ्रोमायसिन लिहिलं असेल आणि पेशंट आमवाताच्या टोफासिटिनिब गोळीवर असेल तर टोफासिटिनिबची रक्तातली पातळी वाढते, मात्रा अर्धी करावी लागते. डॉक्टरला फोन लावल्याशिवाय दोन्ही एकत्र पिशवीत टाकू नका.

अ‍ॅसिक्लोफेनॅक दुखलं तरच घ्यायचं असतं, म्हणून ते दोन दिवस आधी थांबवता आलं तर काळंनिळं कमी होतं, नॅप्रोक्सेनला चार-पाच दिवस लागतात. तेवढ्यात दुखलं तर पॅरासिटामॉल ५००. पण हृदयासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिन ७५ स्वतःहून बंद नाही. काळंनिळं मेकअपखाली झाकतं. बंद पडलेला स्टेंट कशाखाली झाकणार?

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. "दोन आठवडे बंद ठेवा" असं ऐकलेली पेशंट नंतर भरपाई म्हणून लागोपाठ गोळ्या घेते, आणि रोज घेतलेलं मेथोट्रेक्सेट जीव घेतं. न थांबवण्याचं हेही एक कारण.

सांध्यांच्या "देशी पुड्या" जरूर विचारा. आठवडी बाजारात मिळणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि पेनकिलर मिसळलेलं निघतं. पेशंट म्हणते स्टेरॉइड घेत नाही, आणि चेहरा मात्र गोल.

लग्नाआधी गोरं व्हायची ग्लुटाथायोनची सलाइनही याच पॅकेजमध्ये खपवतात. रंग उजळायला त्या इंजेक्शनला आपल्याकडे मान्यता नाही. आधीच यकृतावर मेथोट्रेक्सेटचा भार असलेल्या बाईच्या शिरेत ती कशाला घालायची?

काउंटर_जळगाव

साहेब, दोन प्रश्न राहिले. काही जणी हाताच्या पाठीवर फिलर मागतात, बांगड्या-मेंदीत हात भरलेला दिसावा म्हणून. आणि जबडा रुंद दिसतो म्हणून गालाच्या स्नायूत बोटॉक्स.

सुई_भुसावळ

ताई, हात नाही. आमवाताचा मुख्य अड्डाच तो. तिथे जेल घातला तर पुढच्या तपासणीत सूज आमवाताची की फिलरची, हे बोटांनी कळत नाही. कॅल्शियमवाला असेल तर एक्स-रेत पांढरा उमटतो आणि हाडांची झीज वाचणं अवघड होतं. शिवाय बोटांचे स्नायुबंध तिथे अगदी त्वचेखाली, आजाराने आधीच नाजूक झालेले. मेंदी काढा, झालं.

जबड्यासाठी दर बाजूला २० ते ३० युनिट लागतात. कानापुढचा सांधा आमवाताने दुखत असेल तर आधी त्याचा इलाज. चावण्याचा जोर काही आठवडे कमी होतो, कळण्याची भाकरी चावताना जबडा थकेल हे आधीच सांगा. लग्नाच्या पंगतीआधी मी करत नाही.

सांधे_धुळे

फॉर्मच्या मागच्या बाजूला एक ओळ टाका : लग्न उरकल्यावर, दोन-चार महिन्यांनीसुद्धा, फिलरच्या जागी गाठ, लाली किंवा ठणका आला तर क्लिनिकला कळवा. त्या गाठीत लगेच स्टेरॉइड टोचू नका, आत इन्फेक्शन असेल तर ते झाकलं जाऊन पसरतं. आधी इन्फेक्शनचा विचार, गरज वाटली तर पू काढून कल्चर, अँटिबायोटिक, आणि त्याच्या आडोशाने हायलुरोनिडेज. या पेशंटला ताप येईलच असं नाही. आमवाताच्या टोसिलिझुमॅब इंजेक्शनवर असेल तर सीआरपी, म्हणजे रक्तातली सूज मोजणारा आकडा, सुद्धा नॉर्मल येतो, त्या आकड्यावर विसंबून घरी पाठवू नका. आणि गाठ कोपरावर किंवा बोटांच्या पेरांवर असेल तर ती फिलरची नाही. आमवाताची किंवा मेथोट्रेक्सेटने उठलेली असते, ती आमच्याकडे पाठवा.