अनुभव धागा: उपनगरातली लहान मराठी शाळा, पट, पातेलं आणि जुनी रजिस्टरं

कल्याणच्या पुढे कर्जत आणि कसारा या दोन्ही फाट्यांवर पाचवी ते दहावीच्या लहान अनुदानित मराठी शाळा आहेत. इयत्तेला एकच तुकडी, प्रयोगशाळेच्या खोलीतच वाचनालय आणि शिपाईमामांच्या खोलीत क्रीडासाहित्य. अशा शाळेचं काम रोज करणाऱ्यांनी इथे लिहावं. आठवणी, सत्कार, ‘आमच्या वेळी’ नको. काम कसं होतं, किती लागतं, कुठे अडतं, तेवढंच.

शाळेचे लिपिक

पटापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. शिक्षकांची पदं संचमान्यतेत, म्हणजे सरकारच्या दरवर्षीच्या पदमंजुरीत, ठरतात आणि तिथे 30 सप्टेंबरचा पट धरतात. त्यातही आधार वैध झालेलीच मुलं मोजली जातात. मूल रोज बाकावर बसतंय, पण सरकारी विद्यार्थी-पोर्टलवर त्याचं आधार अवैध असेल तर पदापुरतं ते नाहीच. मोठ्या शाळेत पाचसहा मुलं अशी गळली तरी चालून जातं. एका तुकडीच्या शाळेत तेवढ्यावरून शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनात दुसरीकडे जातो.

अवैध ठरण्याची कारणं बहुतेक वेळा नाव, जन्मतारीख किंवा लिंग यांतलं काहीतरी न जुळणं. आधारवर आडनाव आधी, शाळेत शेवटी. कुठे वडिलांचं नावच नाही, कुठे इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. दुरुस्तीला हात घालण्याआधी जन्मदाखला काढा. दाखला आणि जनरल रजिस्टर (प्रवेशाच्या नोंदींची मूळ वही) जुळत असेल तर आधार बदलायचं. आधारला जुळावं म्हणून रजिस्टर वाकवलं की चूक थेट दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत जाते. रजिस्टरमधलीच नोंद चुकली असेल तर मूल शाळेत असतानाच, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता घेऊन बदल करावा. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर ते फार जड जातं.

दुसरं अडतं ते मोबाइलवर. भाड्याच्या घरांतली कुटुंबं नंबर बदलतात, ओटीपी जुन्या नंबरावर जातो. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळे पुन्हा नोंदवावे लागतात, म्हणजे नेमकी नववी-दहावीची मुलं. म्हणून यादी जूनमध्येच काढायची आणि जुलैत शनिवारी शाळा सुटल्यावर पाच-पाच मुलं पालकांसह आधार केंद्रावर पाठवायची. सप्टेंबरात तिथे सगळ्याच शाळांची रांग असते. परिसरातल्या कुणाला शाळेसाठी काही करायचं असेल तर रंगाचे डबे नकोत. जुलैचे चार शनिवार केंद्रावर उभे राहा.

शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालक

पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. नववी-दहावीची मुलं फोडणीचा वास घेत बसतात. हे ठरवणाऱ्यांनी एकदा मधल्या सुट्टीत येऊन बघावं.

माप असं: पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 डाळ किंवा कडधान्य, 50 भाजी, 5 तेल. सहावी ते आठवीला 150, 30, 75 आणि साडेसात. म्हणजे वरच्या वर्गांतली 80 मुलं असतील तर 12 किलो तांदूळ, 2 किलो 400 ग्रॅम डाळ, 6 किलो भाजी, 600 ग्रॅम तेल. हजेरी झाल्यावरच वजन करायचं. कालच्या आकड्यावर शिजवलं की सोमवारी उरतं आणि बाजारच्या दुसऱ्या दिवशी कमी पडतं.

12 किलो एका पातेल्यात टाकू नका. वर कच्चं आणि तळाला करपलेलं निघतं. सहा-सहाची दोन करा. पाणी तांदळाच्या साडेतीन पट, त्यातलं थोडं उकळतं राखून ठेवायचं, कारण वाढता वाढता खिचडी आळते आणि शेवटच्या वर्गाला गोळा मिळतो. मटकी-चवळी रात्रीच भिजवायची. टोमॅटो कडधान्य शिजल्यावरच घालायचा, आंबट आधी पडलं तर दाणा टणक राहतो. वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची असते. ती रजिस्टरपुरती नको, चमचा पातेल्याच्या तळापर्यंत घालून घ्या.

आठवीच्या वर्गशिक्षिका

एनएमएमएसबद्दल, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीबद्दल, कुणीच लिहिलं नाही, आणि लहान शाळेला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच. आठवीत परीक्षा. सातवीत 55 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना 50. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत. दोन पेपर, प्रत्येकी 90 प्रश्न आणि 90 मिनिटं. पहिला बुद्धिमत्तेचा, दुसऱ्यात विज्ञान 35, समाजशास्त्र 35, गणित 20. सगळे गणितामागे लागतात आणि समाजशास्त्राचे 35 सोडून देतात, हा हिशेबच चुकीचा आहे. निवड झाली की नववी ते बारावी महिना 1000, चार वर्षांचे 48000.

पैसे अडतात ते निवडीनंतर. खातं आईच्या नावाचं असतं, किंवा मुलाचं असून आधारशी जोडलेलं नसतं. बँकेत ‘केवायसी झालंय’ म्हणतात ते वेगळं. थेट लाभासाठी आधार त्याच खात्याला जोडलंय का, असंच विचारायचं. शिवाय शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरण. दहावीनंतर मूल कॉलेजात जातं, तिथल्या ऑफिसला हे माहीत नसतं आणि अकरावी-बारावीचे 24000 जातात. दाखला देताना त्यावर चिठ्ठी टाचून द्या.

विज्ञान शिक्षक

मोरचुदाच्या द्रावणात खिळा बुडवायचा प्रयोग. पुस्तकाप्रमाणे खिळ्यावर तांबूस थर यायला हवा, येतो काळपट गाळ. दोष द्रावणाचा नाही. हार्डवेअरच्या दुकानातला चकचकीत खिळा जस्ताचा मुलामा दिलेला असतो, आधी जस्तच अभिक्रिया करतं. साधा काळा लोखंडी खिळा घ्या, पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, तेलकट बोट लावू नका. पंधरा-वीस मिनिटांत थर दिसतो. द्रावण गडद असेल तर फिका झालेला रंग मुलांना कळत नाही, म्हणून न बुडवलेल्या द्रावणाची परीक्षानळी शेजारी ठेवा.

बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर पावसाळ्यात काढायला घेऊ नये. लांबची वस्तू म्हणजे समोरची इमारत, आणि जुलैत ती पडद्यावर उमटतच नाही.

चित्रकला शिक्षक

थोडक्यात. सरकारी चित्रकला परीक्षा दोन, आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला ए श्रेणी असेल तर दहावीला 7 वाढीव गुण, बी ला 5, सी ला 3. प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे मुदतीत जावा लागतो, नुसतं प्रमाणपत्र घरी असून काही होत नाही. म्हणून सातवी-आठवीत एलिमेंटरी, नववीपर्यंत इंटरमिजिएट उरका. मुलांचे गुण जातात ते भूमितीत, आणि त्याला कारण कंपासचा सैल स्क्रू. परीक्षेआधी सगळ्यांचे कंपास मी पेचकसाने आवळतो.

माजी विद्यार्थी मंडळ

पाण्याचं यंत्र देणार असाल तर आधी नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजा. तो कमी असेल तर आरओ घेऊ नका. निम्म्याहून जास्त पाणी गटारात जातं आणि मेंब्रेनचा खर्च पुढे कुणी उचलत नाही. यूव्ही आणि गाळणी पुरते. यंत्राबरोबर तीन वर्षांच्या फिल्टर-दिव्यांचे पैसे द्या, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात वर देणाऱ्यांची नावं आणि खाली बंद तोटी एवढंच उरतं. टाकी न धुता यंत्र बसवणं तर निव्वळ उधळपट्टी.

निवृत्त मुख्याध्यापक

जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेचा उतारा शोधत लोक येतात. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीची नोंद मोलाची, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950. तुमची शाळा त्याआधीची असेल तर ती रजिस्टरं शाळेची सर्वांत मौल्यवान वस्तू समजा.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. टेप पिवळी पडते आणि शाई घेऊन निघते. रजिस्टरं लोखंडी कपाटात वरच्या फळीवर, आडवी, भिंतीपासून सुटी ठेवा. फोटो काढताना पान सपाट, उजेड दोन्ही बाजूंनी, फ्लॅश बंद. मग वहीत सूची करा: आडनाव, नाव, वर्ष, रजिस्टर क्रमांक, पान. सूची असली की रजिस्टर दरवेळी उघडावं लागत नाही.

शाळेचे लिपिक

सरांच्या प्रतिसादाला जोड. उतारा देताना खाडाखोड असेल तर ती आहे तशीच लिहायची, ‘वाचता येत नाही’ तिथे तेच लिहायचं. अंदाजाने जात किंवा तारीख भरली की चौकशीत मूळ रजिस्टर मागवतात आणि अर्जदार अडकतो. उताऱ्यावर रजिस्टर क्रमांक आणि जावक क्रमांक हवाच, स्थळप्रत (शाळेकडे राहणारी प्रत) फाइलला. मूळ रजिस्टर अर्जदाराच्या हाती कधीच देऊ नका, मग तो कुणाचीही चिठ्ठी घेऊन येवो.