व्हिएन्नात तालेराँने फ्रान्सचं भलं केलं की प्रशियाला ऱ्हाईनवर आणून बसवलं?

दप्तरी (धागाकर्ता)
शार्ल मॉरिस द तालेराँचा विषय निघाला की लोक त्याच्या कोलांट्या मोजतात: बिशप, क्रांतीच्या बाजूचा, नेपोलियनचा परराष्ट्रमंत्री, मग बूर्बाँ राजाचा. मला बोलायचंय ते फक्त व्हिएन्नाबद्दल, म्हणजे नेपोलियनच्या पराभवानंतर युरोपचा नकाशा ठरवायला तिथे भरलेल्या परिषदेबद्दल.

सप्टेंबर १८१४ मध्ये तो हरलेल्या देशाचा वकील म्हणून तिथे पोहोचला. ऑस्ट्रिया, ब्रिटन, रशिया आणि प्रशिया यांनी सगळं आपसांत ठरवायचं, फ्रान्सला नंतर कळवायचं, असा बेत होता. ३० सप्टेंबरच्या बैठकीत मसुदा पुढे आला, त्यात ‘मित्रराष्ट्रे’ असा शब्द. त्याने नेमका तोच धरला: पॅरिसचा तह ३० मे रोजी झाला, युद्ध संपलं, मग ही मैत्री कोणाविरुद्ध? मसुदा मागे घ्यावा लागला. पॅरिस तहाचे पक्ष आठ, म्हणून निर्णयही आठांनी घ्यायचे, हेही त्याने लावून धरलं.

पुढे ३ जानेवारी १८१५ रोजी ऑस्ट्रिया व ब्रिटनबरोबर रशिया-प्रशियाविरुद्ध गुप्त करार, प्रत्येकाचं दीड लाख सैन्य. प्रशियाला शेजारचं जर्मन राज्य सॅक्सनी अख्खं हवं होतं, ते मिळालं नाही. तीन महिन्यांत एवढी मजल मारणारा दुसरा मुत्सद्दी दाखवा.

सीमारेषा
शब्द पकडला, ते मान्य. कराराचं श्रेय मात्र एकट्याला नको. ब्रिटन आणि अमेरिकेचा तह २४ डिसेंबरला गेंटमध्ये झाला, बातमी १ जानेवारीला व्हिएन्नात आली, अमेरिकेशी युद्ध संपल्याने ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री कॅसलरे याचे हात मोकळे झाले. दोनच दिवसांत सह्या.

खरा घोटाळा सॅक्सनीचाच आहे. प्रशियाचा प्रस्ताव असा होता की सॅक्सनी आम्हाला द्या, तिथल्या राजाला ऱ्हाईनच्या डाव्या तीरावर राज्य द्या. म्हणजे फ्रान्सच्या सीमेवर एक दुबळा, कॅथलिक राजा आला असता. तालेराँने विरोध केला. शेवटी प्रशियाने सॅक्सनीची दोन पंचमांश प्रजा घेतली आणि वर ऱ्हाईनलँड, म्हणजे ऱ्हाईनकाठचा तो प्रदेशही घेतला. १८७० साली फ्रान्सवर चालून जायला प्रशियाच्या फौजा जमल्या त्या याच पट्ट्यात.

दप्तरी
१८७० चा हिशेब १८१५ च्या माणसाकडे मागणं मला पटत नाही. प्रशियाला ऱ्हाईनवर बसवायचं हे ब्रिटनच्याच मनात होतं, फ्रान्सपुढे बांध म्हणून. शिवाय सॅक्सनी हे फ्रान्सचा बूर्बाँ राजा अठराव्या लुईचं आजोळ, त्याची आई तिथली राजकन्या. वकील राजाच्या सूचनेबाहेर कसा जाणार?

कलमदान
अहो, त्या सूचनांचा मसुदा तालेराँच्याच देखरेखीखाली तयार झाला, राजाने सही केली. त्यामुळे ही ढाल चालत नाही. ‘वैध राजाला हटवता येत नाही’ हे तत्त्व बूर्बाँ घराण्याला हवं होतं, म्हणून ते सॅक्सनीलाही लावलं. तत्त्व बळकट झालं, पण नकाशा बिघडला. सीमारेषा यांच्याशी मी सहमत आहे.

आणि गुप्त कराराची किंमत कुणीच मांडली नाही. मार्च १८१५ मध्ये नेपोलियन परत आला, लुई पॅरिस सोडून पळाला, कराराची प्रत राजवाड्यात राहिली. ती नेपोलियनच्या हाती लागली आणि त्याने ती झार अलेक्झांडरकडे पाठवली. झारने ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री मेटरनिख याला माफ केलं, तालेराँला नाही. वॉटर्लूनंतर फ्रान्सला रशियाच्या मेहरबानीची गरज होती: ७० कोटी फ्रँक दंड आणि दीड लाख परकी सैन्य देशात, एवढ्या अटी शेवटी नोव्हेंबरच्या तहात आल्याच. त्या वाटाघाटी तालेराँला पुऱ्या करता आल्या नाहीत. सप्टेंबरमध्ये तो गेला आणि त्याच्या जागी द्यूक द रिशल्यू आला, ज्याने अनेक वर्षं झारच्या चाकरीत ओडेसाचा कारभार पाहिला होता.