मदत हवी आहे: बाबांचं डावीकडे लक्षच जात नाही, पण एमआरआयमध्ये कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) नॉर्मल

नमस्कार. न्यूरॉलॉजी किंवा रेडिओलॉजीतलं कुणी इथे असेल तर कृपया वाचा.

बाबांना (वय ६८) पाच आठवड्यांपूर्वी मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला. बोलणं स्वच्छ आहे, डाव्या हातात जोर कमी. घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला आईला म्हणाले, "अगं, चटणी वाढायची राहिली." चटणी, लिंबू, कोशिंबीर, सगळं नेहमीप्रमाणे ताटात डावीकडे होतं. आईने ताट फिरवलं. चटणी सापडली, पण आता त्यांना भाजी दिसेना! दाढीही उजव्याच गालाची करतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दृष्टिक्षेत्र तपासलं, ते व्यवस्थित आहे. थेरपिस्टनी आडव्या रेघेचा मध्य काढायला सांगितला तर खूण पार उजवीकडे पडली. त्यांनी याला नेग्लेक्ट म्हटलं.

रिपोर्टमध्ये इन्फार्क्ट (रक्त न मिळाल्याने मेलेला भाग) आहे तो पुटामेन आणि कॉडेटमध्ये, म्हणजे खोल आत. नेग्लेक्टबद्दल मी मात्र वाचत होते ते सगळं कॉर्टेक्सच्या भागांबद्दल: आधी पराएटल लोब, मग २००१ मध्ये संशोधक कार्नाथ यांच्या गटाने दाखवलेला सुपीरियर टेम्पोरल गायरस, २००३ मध्ये लंडनच्या गटाचा अँग्युलर गायरस. मग बाबांना हे का झालं?

शोधताना २००२ चे दोन पेपर सापडले. कार्नाथ यांच्याच गटाचा एक, त्यात पुटामेन, कॉडेट आणि थॅलॅमसमधला पल्विनार या खोल भागांच्या इजेने नेग्लेक्ट होतो असं आहे. दुसरा हिलिस यांच्या गटाचा. त्यांचं म्हणणं, डाग आत दिसत असला तरी वरच्या कॉर्टेक्सला रक्त कमी पडत असतं. साध्या एमआरआयमध्ये ते दिसत नाही, परफ्युजनमध्ये (रक्तपुरवठा मोजणाऱ्या स्कॅनमध्ये) दिसतं. माझा जीव या दुसऱ्या शक्यतेत अडकलाय. कॉर्टेक्स मेलेलं नसून नुसतं उपाशी असेल, तर काही करता येईल ना?

बाबांचं पहिल्या दिवशी सीटी आणि डिफ्युजन (ताजा स्ट्रोक दाखवणारा एमआरआय) झालं, परफ्युजन नाही. मानेचा डॉपलर झाला, डोक्यातल्या धमन्यांची अँजिओग्राफी नाही. पाच आठवड्यांनंतर परफ्युजन करून काही कळेल का, की आधी अँजिओग्राफीचं विचारू? आणि गॅडोलिनियम (एमआरआयसाठी शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट) न देता परफ्युजन होतं का? बाबांचं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.६ आहे, म्हणजे जास्त, म्हणून विचारते. सोमवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे.