मदत हवी आहे: बोरन्हाणाच्या झबल्यावर हलणारं मशीन-ॲप्लिक

नमस्कार मंडळी,

संक्रांतीनंतर माझ्या भाच्याचं पहिलं बोरन्हाण आहे, परळला. काळ्या कॉटनचं झबलं मीच शिवतेय. हलव्याचे दागिने दादरहून येतीलच, पण झबल्यावर असं काहीतरी हवंय की बाळ वळलं, रांगलं की तेही हलेल.

मनात दोन ॲप्लिक (कापडावर दुसऱ्या कापडाचा तुकडा शिवून केलेली नक्षी) आहेत. एक पतंग, ज्याची शेपटी फक्त वरच्या टोकाला शिवलेली, बाकी मोकळी. दुसरं हलव्याची वाटी: वाटीच्या जागी पारदर्शक प्लास्टिकची खिडकी आणि आत पांढऱ्या टिकल्या नि मणी सुटे, खुळखुळणारे.

भरतकामाचं मशीन घरगुती आहे, हूप (कापड ताणून धरणारी चौकट) १०० × १०० मिमी. नेहमीचं ॲप्लिक छान जमतं: आधी जागेची रेघ, त्यावर कापड ठेवून धावदोरा, जादा कापड कापायचं, मग कडेला साटिन टाका (कड झाकणारा दाट झिगझॅग). खिडकीपाशी मात्र अडतंय. टेबलावर घालतात ते प्लास्टिक साटिन टाक्याच्या रेघेवर तिकिटासारखं फाटून येतं. हूप हलला की टिकल्या सुईखाली सरकतात. ज्या आत राहतात त्या प्लास्टिकला चिकटून बसतात, खुळखुळणार कशा? शेपटीच्या सुट्या कडांचंही सांगा, कॉटनचे धागे निघतात. वाटीवर माझा फार जीव आहे, ती जमायलाच हवी.

प्रतिसाद

ताई, प्लास्टिक फाटतं ते भोकं फार जवळ पडतात म्हणून. साटिनमध्ये टाक्यांतलं अंतर साधारण ०.४ मिमी असतं, प्लास्टिकला ते झेपत नाही. साधी रेघ घ्या, टाका ३ मिमी. किंवा झिगझॅग विरळ करा, अंतर १ मिमीच्या आसपास. सुई ७५/११, वेग कमी.

टिकल्या आधी भरूच नका. रेघेत खालच्या बाजूला दोन बोटं फट ठेवा. हूप मशीनवरून काढा, कापड मात्र हूपमधून काढू नका. फटीतून टिकल्या घालून वरच्या बाजूला सारा, वरून चिकटपट्टी लावा आणि मग फट बंद करा. निम्मी वाटी भरली तरी पुरे, गच्च भरलं की काही हलत नाही. चिकटतात त्या स्थिर विजेमुळे. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला कापसाने टाल्कम पावडर अगदी हलकी फिरवा आणि पुसून घ्या. शिवल्यावर खिडकीवर इस्त्री नको.

शेपटीला फेल्ट घ्या, धागे निघत नाहीत. कॉटनच हवं असेल तर दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून शिवा, उलटवा, इस्त्री करा. पतंग पूर्ण झाल्यावर अगदी शेवटी शेपटी ठेवा, मोकळं टोक चिकटपट्टीने सुईच्या वाटेबाहेर लावा आणि वरच्या टोकावर दोन-तीनदा शिवण मारा. टिकल्या भुलेश्वरला, कापड मंगलदास मार्केटला. फेल्टही त्याच फेरीत बघा.

प्रतिसाद

वरचं सगळं पटलं, पण बाळाच्या अंगावर टिकल्या-मण्यांची खिडकी नको, कृपया. या वयात सगळं तोंडात जातं आणि प्लास्टिकची शिवण कधी उसवेल सांगता येत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना जी चाचणी असते तिच्यात ३१.७ मिमी व्यासाच्या नळीत सुटा तुकडा मावला की तो नापास. टिकली तर कुठल्या कुठे! शेपटीही आखूड ठेवा, बोटभर, आणि गाठी, गोंडे नकोत. वाटी झबल्यावर न करता पाटामागच्या भिंतीवर लावायच्या काळ्या कापडावर करा, बाळाचा हात पोचणार नाही इतक्या उंच.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. वाटी भिंतीवर, पतंग झबल्यावर, नक्की. भिंतीवर करायची तर एकाऐवजी पाच वाट्या करीन, वेगवेगळ्या रंगांच्या टिकल्यांच्या. आता एकच विचारते: काळ्या कापडामागे आधाराला पांढरा, नंतर फाडून काढायचा पेपर लावला की टाक्यांत त्याचे तंतू अडकून दिसतात. काळा मिळतो का, की पाण्यात विरघळणारी फिल्म वापरू?